धोंड्याच्या ताटात प्रोसेसर

१७ मे, रविवार. लातूर.
आजपासून अधिक महिना. सकाळीच सासऱ्यांचा, ग्यानोबारावांचा फोन. म्हणाले, "जावईबापू, धोंड्याला या. ताटात काय ठेवू ते सांगा, लाजू नका." मी लाजलो नाही. कॉम्प्युटरचा नवा प्रोसेसर सांगितला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या माणसाला अंगठी काय कामाची? कोणता, असं त्यांनी विचारलं. म्हणालो, दोन आहेत, एक निळ्या डब्यातला, एक लाल डब्यातला. तुलना करून कळवतो.
मग पुनम बोलली. फेब्रुवारीत सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला म्हणून नांदेडला, विष्णुपुरीला माहेरी गेली, ती तिथेच आहे. म्हणाली, "धोंड्याला या, म्हणजे सोबतच निघते." सगळं जुळून आलं. एका फेरीत प्रोसेसर आणि बायको.
निश्चय: येत्या रविवारी नांदेड.

२० मे
रिव्ह्यू पाहिले. निम्मे निळ्याच्या बाजूचे, निम्मे लालच्या. सगळे एसीत बसून बोलणारे. लातूरच्या उन्हात कोणता टिकेल हे कोणी सांगत नाही. स्वतःच टेस्ट घेणार.
टेस्टला मोठी फाईल पाहिजे. आमच्याच लग्नाचं फुटेज काढलं. सहा वर्षं झाली, ते एडिट करायचं राहिलंय. गिऱ्हाइकाचं आधी, हा धंद्याचा नियम. गिऱ्हाइकांचीही राहिलीत, तो भाग वेगळा.

२४ मे, रविवार
नांदेड रद्द. निळा प्रोसेसर इथल्या मलप्पाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आहे आणि त्याला रविवारीच सवड असते. फाईल रेंडरला लावली, पक्का व्हिडिओ काढायला. संपत आली आणि लाईट गेली. परत पहिल्यापासून.
पुनमचा फोन: "निघालात का?" मी तिला निळ्याचा सिंगल-कोर स्कोअर सांगितला. ती "बरं" म्हणाली. तिला विषयात गोडी लागतेय.

२८ मे
निळ्याची टेस्ट पूर्ण. सवड नसतानाही मलप्पाने दुकानात मशीन दिलं. कुलर वळवून कॅबिनेटसमोर ठेवला होता. मलप्पाचे वडील घाम पुसत बाहेर पायरीवर जाऊन बसले. म्हणाले, "मशीनला हवा अन् माणसाला झळा. लई शिकलात." वयोमानाने त्यांना बेंचमार्क कळत नाही.

३१ मे, रविवार
लाल लातुरात ओळखीच्या कुणाकडे नाही. नांदेडला लिंबाजीच्या स्टुडिओत आहे. अहमदपूर-लोहा मार्गे एसटीने गेलो. तीच फाईल लावली. लिंबाजी स्क्रीनकडे बघत म्हणाला, "वहिनी लई हसून राहिल्यात राव इथं." मी रेंडरचे टक्के बघत होतो. त्या शॉटला मशीन नेहमी अडकतं.
दुपार कलली तेव्हा संपलं. विष्णुपुरी तिथून जवळच. पण निकाल लागल्याशिवाय सासऱ्यांपुढे कोणत्या तोंडाने जायचं? ताटाचं विचारलं असतं तर काय सांगणार होतो? परतीची गाडी धरली. शिस्त म्हणजे शिस्त.

२ जून
लिंबाजीने माझा फोटो स्टेटसला टाकला होता. पुनमने पाहिला. फोनवर म्हणाली, "नांदेडला येऊन गेलात." म्हणालो, कामासाठी. लाल थंड राहतो, निळा लवकर संपवतो, फरक एक चहा पिण्याइतका. ती म्हणाली, "चहाला तरी यायचं." मग फोन ठेवला.
आवाज नेहमीसारखा होता. राग असता तर मला कळलं असतं.

७ जून, रविवार
आज जाणारच होतो. बूटसुद्धा घातले. मग लक्षात आलं, निळ्याच्या वेळी कुलर होता आणि लिंबाजीकडे एसी. म्हणजे तुलनाच बाद. बूट काढले.
पुनमचा फोन नाही. दिवसभर काही व्यत्यय नव्हता. तरी काम झालं नाही. पंख्याकडे बघत पडून राहिलो.

११ जून
सासऱ्यांचा फोन. "सोमवारी अमावास्या. महिना सरला की धोंडे न्हाईत बघा." डब्याचा रंग विचारला नाही. पुनमला द्या म्हटलं तर म्हणाले, ती ऑफिसला गेली. तिथल्या एका कॉलेजात मार्चपासून नोकरीला आहे म्हणे. मला सांगितलं असेल. मार्चमध्ये मी मॉनिटरची तुलना करत होतो.

१५ जून, सोमवार. एसटीत.
गेलो. निकाल: निळा. लोहा येईपर्यंत पक्कं केलं होतं.
सासूबाईंनी दोन पाट मांडले होते. पुनम शेजारी बसली. आमच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, धोंडे वाढले. लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण. मी मुद्द्यावर येणार तेवढ्यात ताटावरचा रुमाल निघाला. आत निळा आणि लाल, दोन्ही. पुनमने पगारातून घेतलेले. म्हणाली, "आता तुम्हाला काही ठरवायचं राहिलं न्हाई."
हात धुतल्यावर विचारलं, बॅग भरली का? म्हणाली, उद्या ऑफिस आहे. परवा? परवाही आहे. भांडली नाही. माझ्या पिशवीत अनारसे घातले, वर डबे ठेवले आणि भांडी उचलायला आत गेली.
सासऱ्यांनी स्कूटरवर स्टँडला सोडलं. उतरताना म्हणाले, डबे नीट धरा.
दोन्हींना वेगवेगळे मदरबोर्ड लागतात. माझ्या जुन्यावर दोन्ही बसत नाहीत. हे मला माहीत होतं. वाईट वाटायला पाहिजे. अजून काही वाटत नाहीये.
कंडक्टर आला. म्हणालो, लातूर, एक फुल, एक लेडीज.
त्याने शेजारच्या सीटवरच्या डब्यांकडे बघितलं. "लेडीज कुठं हाय?"
एक फुल घेतलं.