कंसातला आकडा

१२ मार्च
आज फार वाईट वागलो. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे.

हिला अतिदक्षता विभागात ठेवून तिसरा दिवस. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात गेलाय, रक्तदाब टिकत नाही. डॉक्टर काल म्हणाले — सरासरी दाब पासष्टच्या खाली गेला, तर मूत्रपिंडांना रक्त पुरणार नाही. मी तो पासष्ट घट्ट धरून बसलो.

सकाळी अकराला आत सोडलं. पडद्यावर ८४/४६, शेजारी कंसात ५९. सिस्टर पंपावर दाब टिकवायचं औषध वाढवायला आली. मी मध्ये उभा राहिलो.
"चौऱ्याऐंशी अधिक शेहेचाळीस, एकशे तीस. भागिले दोन, पासष्ट. मशीन चुकतंय तुमचं. औषध वाढवायचं नाही."
"काका, ही सरासरी तशी काढत नाहीत. बाजूला व्हा ना."
"चौतीस वर्षं गणित शिकवलंय मी. तू मला सरासरी शिकवणार? पास कुणी केलं तुला?"
सगळ्यांदेखत, वर्गातल्या आवाजात. पोरीचा चेहरा पडला. डॉक्टरांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं, तोवर पाच-सात मिनिटं गेली होती. हिची पाच-सात मिनिटं.

१३ मार्च
धाकट्या भावाचा फोन. "वहिनी कशीये, दादा?" म्हणालो, बरी आहे. सिस्टरचं बोललो नाही.

१४ मार्च
लघवी कमी होतेय म्हणे. माझ्यामुळे? विचारायला जीभ रेटली नाही.

दुपारी जिन्यात सिस्टर समोर आली. तीच बोलली — "काका, हृदय आकुंचन पावतं ते थोडाच वेळ. सैल असतं साधारण दुप्पट वेळ. म्हणून खालचा आकडा दोनदा धरायचा, वरचा एकदा, आणि भागिले तीन."

शेहेचाळीस दुणे ब्याण्णव, अधिक चौऱ्याऐंशी, एकशे शहात्तर. भागिले तीन — एकोणसाठला जरा कमी. मशीन बरोबर होतं. पोरगी बरोबर होती.

भारित सरासरी! दरवर्षी शिकवायचो की. ज्याचा वाटा मोठा, त्याचं वजन मोठं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो मी, तेही हिच्या उशाशी.
"चुकलं माझं," एवढंच म्हणालो.
"होतं असं," म्हणाली आणि जिना चढून गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

१६ मार्च
लघवी सुधारली. दाब ११०/७०. कंसाकडे न बघता काढला — ८३. बरोबर आला. पाठ थोपटून घ्यावीशी वाटली नाही.

१७ मार्च
ही बोलली आज. पुटपुटत म्हणाली, "त्या दिवशी कुणावर ओरडत होतात? मला वाटलं, माझ्यावरच. म्हणून डोळे उघडले नाहीत."