योशिनोचं नाव न घेता

हिरोशिमा, २ जुलै १९६५

चि. तेत्सुजीस,
ताईचे आशीर्वाद, आणि एक गंभीर तक्रार. तुझ्या मनुक्यांच्या पार्सलातून मुंग्या आल्या. महासागर ओलांडून आलेल्या त्या अमेरिकन फौजेपुढे माझ्या साखरेच्या डब्याने बिनशर्त शरणागती पत्करली.

दुसरं, तुझी लेक रूथ ऑगस्टमध्ये येत नाही म्हणे, दाढ दुखते. फ्रेस्नोतले दातांचे डॉक्टर संपावर गेले का? लहानपणापासून तुला धड खोटं बोलता येत नाही. खरं काय ते लिही.

लोभ आहेच, मनुके डब्यात भरून पाठव.
तुझी,
सुमिए

फ्रेस्नो, ११ जुलै १९६५

ती. ताईस,
तेत्सुजीचा साष्टांग नमस्कार. दाढ ठणठणीत आहे.

रूथच्या शाळेत वादविवाद होता. युद्ध संपवायला अणुबाँब टाकणं योग्य होतं का, हा विषय. तिच्या वाट्याला ‘योग्य’ ही बाजू आली. तिने सांगितलं, माझे बाबा अमेरिकन गणवेशात जपानवर उतरायला निघालेल्या जहाजावर होते. बाँब पडला, ते घरी आले, म्हणून मी इथे उभी आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि मग तुझी योशिनो आठवली. बारा वर्षांची पोर, त्या सकाळी शाळेबरोबर, बाँबहल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडायच्या कामावर गेलेली.

इथल्या नियमाप्रमाणे अंतिम फेरीत बाजू बदलावी लागते. मास्तर म्हणाले, आतेबहिणीचं सांग, चषक तुझाच. पोरगी ऐकेना. युद्ध शहरातल्या पोरांनी सुरू केलं नव्हतं, थांबवणंही त्यांच्या हातात नव्हतं, एवढंच बोलली आणि हरली. गाडीत विचारलं तर म्हणाली, बाबा, तुम्हाला वापरलं तर तुम्ही माझ्याशी भांडू शकता. योशिनोताई कशी भांडणार?

पण पहिल्या फेरीतलं बोलून ती तुझ्या दारात कशी उभी राहील? म्हणून दाढ.

तुझ्या मायेवर हक्क सांगायची लाज वाटणारा,
तेत्सुजी

हिरोशिमा, २३ जुलै १९६५

चि. तेत्सुजीस,
आशीर्वाद. तुझं पत्र शेजारच्या बाईंना दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांना एकाएकी बाजाराची आठवण झाली. चषक जिंकणाऱ्या भाच्या गल्लोगल्ली असतील. अशी हरणारी आमच्याकडेच आहे.

तू वाचलास, याचा मला रोज आनंद होतो. तो आनंद कुणाचे आभार मानून मी घेणार नाही. माझी पोर जळली म्हणून तुझा जीव राहिला, असा हिशेब मांडणाऱ्यांना मी एकच विचारते: तिला विचारलं होतंत का? लढाई संपली, ते बरंच झालं. पण त्यासाठी बारा वर्षांची पोर पुढे करायची, याला मी मरेपर्यंत योग्य म्हणणार नाही. रूथला वेगळं वाटत असेल, तर माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्याशी भांडावं. मी तर भांडू शकते! मासे तळून वाढीन आणि एक मुद्दा सोडणार नाही. तिकीट काढ.

आपल्याकडे ऑगस्टात नातलग थडग्यापाशी रंगीत कागदी कंदील लावतात, लावणाऱ्याचं नाव लिहून. माझ्या पोरीपाशी तुझ्या नावाचा वीस वर्षं राहून गेला होता. आज दुकानात पैसे देऊन आले. लाल कागद आहे, नाव मीच लिहिलं. रूथचा कोराच ठेवलाय. नाव तिने इथे येऊन लिहावं.

वाट पाहणारी,
ताई