सातही सापळ्यांवर शून्य

४ फेब्रुवारी, सोमवार
संग्रहालयातल्या किड्यांची नोंद आजपासून कॉम्प्युटरवर. चिकट कागदाचे सात सापळे, सात खोल्यांत, भिंतीलगत जमिनीवर. दर सोमवारी अडकलेले किडे मोजायचे, आकडा भरायचा. मग स्क्रीनवर इमारतीचा नकाशा उमटतो. किडे असतील ती खोली लाल, नसतील ती हिरवी. आमच्या विभागाच्या मॅडमनी दोनदा शिकवलं. मला एकदाच पुरलं होतं, दुसऱ्यांदा त्यांचं मन राखायला ऐकलं.

माझ्या नोकरीची मुदतवाढ अठ्ठावीसला ठरणार. नकाशा नीट सांभाळलात तर आणखी एक वर्ष, म्हणाल्या. म्हणजे झालंच.

५ फेब्रुवारी
पासवर्ड विसरलो असं नाही. आठवला नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ११
लोकरीच्या खोलीत चौदा किडे. खोली लाल. तिथे मोलाची वस्तू एकच, दीपगृहाच्या जुन्या रखवालदाराचा कोट. मोजायला तीनदा वाकलो. उठताना पहारेकऱ्याने हात दिला. त्याला सांगितलं, फरशी तपासत होतो.

दुपारी ४
मुलीचा फोन. बाबा, आता पुरे, घरी बसा, म्हणते. घरी काय बसू? तिची आई गेल्यापासून तीन खोल्या आहेत आणि तिन्हींत मीच आहे. हे बोललो नाही. गुडघे ठणठणीत आहेत, एवढं बोललो.

१२ फेब्रुवारी
तोडगा निघाला. सातही सापळे कपाटांवर ठेवले. उभ्या उभ्या मोजता येतं, शिवाय उंचावरून खोलीवर नजर राहते. पहारेकरी म्हणाला, काका, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. त्याला कॉम्प्युटरमधलं काय कळतं.

१८ फेब्रुवारी, सोमवार
सातही शून्य. नकाशा हिरवागार. किड्यांनी माझा धसका घेतला. मॅडमनी प्रिंट काढून साहेबांकडे पाठवली. कोट आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवायचा होता, थंडीने किडे मरतात म्हणून. ते रद्द. एकही किडा नाही तर कशाला हलवायचा, असं मॅडम म्हणाल्या. मीही मान डोलावली.

एक प्रिंट घरी आणली. दाखवायला कोणी नाही. टेबलावर ठेवली.

२१ फेब्रुवारी
कोटाखाली तपकिरी भुसा. जुनी लोकर, गळायचीच. झाडून घेतला. सोमवारी मात्र एकदा वाकून बघायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

२५ फेब्रुवारी, सोमवार
वाकायचं राहिलं. वर शून्य आहे, म्हणजे खालीही शून्यच असणार. उगाच गुडघ्यांना कशाला त्रास.

२७ फेब्रुवारी, बुधवार
दीपगृहवाल्यांची नात कोट बघायला आली. सत्तरीची बाई, काठी टेकत. मॅडमनी कोट हँगरवरून काढायला हात घातला. बाही हातात आली, कोट जागच्या जागी राहिला. आतून नुसती चाळण. बाई रडल्या नाहीत. बाही दुमडून मांडीवर घेतली आणि बसून राहिल्या. मी पाणी आणून दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

मॅडमनी भिंतीलगत सापळा शोधला, मग कपाटावर चाचपून काढला. कोरा करकरीत. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या,

"काका, हे किडे जमिनीवरून सरपटतात. सापळा वर कोणी ठेवला?"

"गुडघे," मी म्हणालो.

२८ फेब्रुवारी, गुरुवार, रात्री ८
मुदतवाढ नाही. साहेब चांगलं बोलले. काय बोलले ते लक्षात नाही. मॅडमनी सातही सापळे स्वतः खाली बसून लावले. मी दारात उभा होतो.

मुलीला फोनवर सांगितलं, मुदतवाढ मीच नाकारली. ती म्हणाली, बरं केलंत बाबा. जेवलात का? हो म्हटलं.

फोन ठेवून कुकर लावायला उठलो. एकट्यापुरतं किती लावायचं, याचा अंदाज अजून येत नाही.