दुसऱ्या शिक्षकाचं नाव

वरची वाडी, ता. वेल्हे
रविवार, ९ मार्च २००३

प्रिय हाशिम,

सलाम. तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. भोरला अम्मी आणि तमन्नाही ठीक आहेत. तमन्नाचा पुढचा दात पडला. तुम्हाला दाखवायचा म्हणून तिने तो काडेपेटीत ठेवला होता, आणि अम्मींनी तीच काडेपेटी स्टोव्ह पेटवायला उघडली. दात कुठे उडाला ते कळलं नाही. दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या, असं मागच्या रविवारी गेले तेव्हा कळलं. या रविवारी मात्र मी भोरला गेले नाही. का, ते पुढे लिहिते.

पत्रासोबत पाठवलेला बदलीचा फॉर्मही मिळाला. पती-पत्नी एकत्रीकरण. सगळे रकाने तुम्ही भरलेत, मला फक्त सही करायची आहे. पंचवीस तारखेच्या आत तो जिल्हा परिषदेत पोचला तर जूनपासून मी इंदापूरला, तुमच्या शेजारच्या शाळेत. लग्नाला सात वर्षं झाली. तुम्ही जिल्ह्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या, आणि पोर तिसरीकडेच आजीजवळ. महिन्यातून दोन रविवार भेटायचं, तेही निम्मं स्वारगेटच्या रांगेत नाहीतर कापूरहोळला भोरच्या गाडीची वाट बघत. या महिन्यात तुमचं अजून तेही जमलं नाही. फॉर्मबद्दलही पुढे लिहिते.

तुम्ही म्हणाल, नमनाला घडाभर तेल. असू दे.

आमच्या आराखड्याबद्दल बकरीदला थोडं बोलले होते. नीट सांगितलं नव्हतं. राज्याने शाळा सुधारायला पैसा काढलाय, पण तो सरसकट वाटायचा नाही. प्रत्येक केंद्राने, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांनी मिळून, आपल्याला काय हवं आणि त्याने काय बदलेल ते लिहून द्यायचं. मग पुण्यात परीक्षकांसमोर मांडायचं, गुण मिळवायचे. साऱ्या राज्यातून चाळीस केंद्रं निवडायची, त्यांना तीन वर्षं पैसा, आणि तिथे जे चांगलं चालेल ते पुढे सगळीकडे लागू करायचं. आमचे केंद्रप्रमुख सावळाराम सर म्हणाले, "बाई, आता मागायचं बी मेरिटवर आलं!"

आमच्या केंद्रात अकरा शाळा. आराखडा लिहायची वेळ आली तेव्हा कुणाच्या घरी लग्न, कुणाची पाठ धरलेली. शेवटी तो माझ्या गळ्यात पडला. सुरुवातीला मी कुरकुरले. मग एकेका वाडीवर जाऊन लोकांना विचारायला लागले आणि मला त्याची गोडी लागली. खरं सांगते, नोकरी लागल्यापासून मला आकडे पुष्कळांनी मागितले. तुम्हाला काय वाटतं, असं या कागदाने पहिल्यांदाच विचारलं.

आमच्या वाडीची सभा डिसेंबरात शाळेतच झाली. ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष रखमाजी पहिल्यांदा उठले. "बाई, कंपाउंडाची भित लिवा. आन् वर लोखंडी गेट. वेल्ह्याच्या शाळंला हाय."

फुलाबाई मागे बसली होती. तिची तीन पोरं माझ्याकडे आहेत. ती तिथूनच ओरडली, "भितीनं काय पोरं शिकत्यात व्हय? आन् गेट लावून कुणाला अडिवणार, आमच्या म्हशीस्नी? म्या सांगते ते लिवा. दुसरा मास्तर द्या. आन् ऱ्हाणारा द्या. तीन आलं आन् तिन्ही एष्टीच्या टायमाला बॅग उचलून गेलं. बाई पयलीला शिकवत्यात तवर चौथी माशा मारती. आन् बाई आजारी पडल्या का शाळंला कुलूप."

बायका हसल्या. रखमाजी बसले. मग साळूबाई, माझी घरमालकीण, हळूच म्हणाली, "अगं पण बाई तरी किती दिस ऱ्हाणार? त्यांचं मालक तिकडं इंदापूरला. आज ना उद्या जाणारच की त्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, आधी आराखडा तर लिहू. फळ्याकडे तोंड करून मी 'दुसरा शिक्षक, वाडीत राहणारा' असं लिहिलं. तुमचा फॉर्म तेव्हा आला नव्हता, पण तो येणार हे मला माहीत होतं.

आता बाहेर मला बोलवायला आलेत. बाकी उद्या लिहिते.

मंगळवार, ११ मार्च

उद्या म्हणाले आणि दोन दिवस गेले. ताकाला जाऊन भांडं लपवते आहे, दुसरं काही नाही. आज शाळा सुटल्यावर दार लावून बसले आहे, आणि लिहून झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.

जानेवारीत एका शनिवारी दुपारी मी आराखडा टाइप करून घ्यायला वेल्ह्याच्या बाजारात गेले. तहसील कचेरीसमोर गेनू टाइपवाला बसतो, त्याच्याकडे. आमच्या वाडीच्या पानावर एक रकाना होता: दुसऱ्या शिक्षकाचं पूर्ण नाव, सध्याची शाळा, आणि वाडीत तीन वर्षं राहण्याची तयारी आहे का. नाव दिलं तर दहा गुण, रकाना मोकळा सोडला तर शून्य. सावळाराम सरांना मी आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, "काय बी एक नाव टाका हो. मागनं बदलू. कागदावर कोण मरतंय!" आपल्या खात्यात असंच चालतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पट असाच भरतात, उपस्थिती अशीच भरतात.

गेनू म्हणाला, "बाई, हितं नाव काय टाकू? का ऱ्हाऊ दे मोकळं?"

कुणाचंही नाव टाकता आलं असतं. बदलून गेलेल्या तीन मास्तरांपैकी एखाद्याचं टाकलं असतं तरी चाललं असतं. आणि मी म्हटलं, "हाशिम अय्युब मुलाणी."

अम्मींना आवडत नाही म्हणून तुमचं नाव मी घरात तोंडाने घेत नाही. पत्रात लिहिते तेवढंच. त्या दिवशी भर बाजारात, शेजारी उभ्या असलेल्या चार माणसांदेखत, मोठ्याने घेतलं. गेनूला नीट ऐकू आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा घेतलं. तो बडवत होता आणि मी उभी होते. मला रडू आलं. एवढा मोठा गुन्हा करताना इतकं बरं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

हाशिम, तुम्हाला न विचारता मी तुमचं नाव लिहिलं. हे बकरीदला सांगायचं होतं. तुम्ही तमन्नाला खांद्यावर घेऊन अंगणात नाचवत होतात, आणि मला ते मोडायचं नव्हतं.

तेव्हाही वाटलं, कागदच आहे, बदलू. पण फेब्रुवारीच्या शेवटी पुण्यात बोलावणं आलं. एका लांब टेबलामागे पाच परीक्षक. चौघं पानं उलटत होते. पाचव्या एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, त्यांनी सगळं वाचलेलं होतं. त्यांनी नेमकं त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे मुलाणी सध्या इंदापूरला आहेत. चांगली शाळा आहे ती. ते तुमच्या वाडीवर यायला तयार आहेत?"

सावळाराम सर माझ्याकडे बघायला लागले. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "हो."

"लेखी देतील?"

"देतील."

"एवढी खात्री कशी?"

"माझे मिस्टर आहेत."

सगळे हसले. त्या बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मिस्टर आहेत म्हणून खात्री असते असं नाही, बाई." तरी त्यांनी गुण दिले.

पाच तारखेला निकाल आला. चाळिसात आमचं केंद्र एकोणचाळिसावं. सावळाराम सरांनी मांडून दाखवलं, ते दहा गुण नसते तर आम्ही यादीबाहेर होतो. अकरा शाळांना पैसा मिळणार: वर्गखोल्या, पुस्तकं, आणि मोठ्या पोरींनी धाकटी भावंडं सांभाळत घरी बसू नये म्हणून शाळेलगत बालवाडी. अट एकच. नावं दिलेल्या शिक्षकांची संमतीपत्रं एकतीस मार्चच्या आत. ती नसतील तर पुढचं केंद्र.

रविवारी मी भोरला का गेले नाही, तर वाडीने माझा सत्कार ठेवला होता. रखमाजींनी नारळ दिला. फुलाबाईने विचारलं, "मास्तरांस्नी नाचणीची भाकर चालती न्हवं?" मी म्हटलं, चालते. आता काय सांगू त्यांना?

हे वाचून तुम्ही चिडाल. चिडा. जूनमध्ये तुम्ही मुख्याध्यापक होणार, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी तुम्ही किती झिजलात तेही ठाऊक आहे. इथे तुम्ही माझ्या हाताखाली दुसरे शिक्षक असाल. मोबाईलला रेंज नाही, पावसात ओढा चढला की दोन-दोन दिवस बाहेर पडता येत नाही. यातलं एकही मी आराखड्यात लपवलं नाही. लपवलं ते फक्त तुमच्यापासून.

मी पोरांसाठी त्याग करते आहे असंही समजू नका. मला इथे आवडतं. इंदापूरला मी आठ शिक्षकांतली आठवी असेन, हजेरी घेऊन आपला वर्ग शिकवेन आणि घरी येईन. इथे मी नसले तर शाळा नसते. त्याचा मला गर्व आहे, आणि तो तुम्हाला कधी सांगितला नाही, कारण तुम्ही नेहमी "बिचारी त्या डोंगरात अडकली आहे" असं म्हणत आलात. मी गप्प बसले. सात वर्षांत तुम्ही ही शाळा एकदाही पाहिली नाहीत. रविवारी अम्मींना आणि पोरीला सोडून कसं यायचं, हे मला कळतं. दोष देत नाही. खरं तर देतेच.

आणि तरीही तुमची फार आठवण येते. काल दुपारी चौथीला गणित शिकवत होते आणि पलीकडे पहिलीचा गोंगाट चालला होता. वाटलं, तुम्ही तिकडे असतात तर तुमचा तो मोठा आवाज इकडे ऐकू आला असता, आणि मी मुलांना म्हटलं असतं, "त्या सरांना सांगा जरा हळू बोला." एवढंच. याच्यापलीकडे मी काही मागत नव्हते. तमन्ना पहिलीत बसली असती. दोन तारखेला भोरला गेले तेव्हा अम्मींना मी आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कुठंबी न्या, पण आता एका चुलीवर न्या. माझं वय झालं तुम्हा दोघांचे दोन गावचे डबे बांधून."

तेव्हा असं करा. तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमच्या फॉर्मवर सही करीन. हे धमकी म्हणून लिहीत नाही, रुसून तर मुळीच नाही. मला आता वेगळं राहायचं नाही. सावळाराम सरांना मी स्वतः सांगेन, पुण्याला जाऊन त्या बाईंसमोर उभी राहीन आणि म्हणेन, मी खोटं बोलले. अकरा शाळांचं जे व्हायचं ते होईल आणि ते मला जन्मभर टोचेल, पण ते माझं मी बघेन. तुमचा त्यात काही दोष नाही.

संमतीपत्र सोबत पाठवलेलं नाही. पाठवलं असतं तर माझी लाज राखायला तुम्ही त्यावर सही करून टाकली असती, आणि पुढची तीन वर्षं मनातल्या मनात मोजली असती. तुम्हाला मी ओळखते. तसे येणार असाल तर नका येऊ.

उत्तर टपालाने पाठवू नका. बावीस तारखेला शनिवार आहे, सकाळची शाळा. शुक्रवारची रजा टाका, वेल्ह्याला मुक्कामाला या, सकाळी पहिल्या गाडीने वर या. पोरं बघा, खोली बघा, ओढा बघा. मग काय ते माझ्यासमोर सांगा. नाही म्हणायचं असलं तरी इथे येऊन म्हणा.

साळूबाईने शेजारची खोली झाडून घेतली आहे. तिला मी नको म्हटलं नाही.

साऱ्या वाडीला तुम्ही येणार म्हणून सांगून बसलेली,
तुमचीच
नुजहत