दुपारी बाराच्या दोन वह्या

मी, खाली सही करणारा निवृत्त विज्ञानशिक्षक, वय ७८, पूर्ण शुद्धीवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तोही मी दोनदा तपासून घेतला. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, तरी मुलगा सकाळपासून तीनदा चहा हवा का विचारून गेला, याची नोंद असावी.

१. घर सुनेला. खोलीतून निघताना पंखा बंद करणारी इथे ती एकटीच. मी दाराआडून पाहिले आहे.

२. सायकल मुलाला. हाकेच्या अंतरावरच्या दुकानात तो मोटारीने जातो. सायकल विकली तर मला कळणार नाही, या भ्रमात त्याने राहू नये.

३. मुख्याध्यापकांना काहीही नाही. शाळेची तापमापी जिच्यात असते त्या हवामानपेटीला खेटून त्यांनी एसीचे गरम हवा फेकणारे यंत्र बसवले आणि योगायोग म्हणाले. उद्या म्हणतील, हवा तापलीच नाही, पेटी तापली. ते यंत्र हलेपर्यंत खालच्या कलमातल्या वह्या शाळेच्या कपाटात ठेवू नयेत, कुलूप असले तरी.

४. आता वह्या. हवा तापते आहे आणि त्यात आपल्या घरच्या विजेचा, पेट्रोलचा वाटा आहे, हे मुलांना पटायचे तर आकडा त्यांनी स्वतः वाचलेला हवा. म्हणून सत्तावीस वर्षे मुले रोज बारा वाजता तापमापी वाचून वहीत लिहीत. ती कालचाच आकडा उतरवतात, असा मला संशय. म्हणून मीही गुपचूप वाचून दुसरी वही ठेवली. मुले मला शंकासुर म्हणत. मला माहीत होते.

बायको दवाखान्यात होती तेव्हा चार दिवस मी शाळेत नव्हतो. परत आल्यावर खाडा दिसू नये म्हणून माझ्या वहीत अंदाजे आकडे भरले. सातवीतल्या एका मुलीचे आकडे त्यांच्याशी जुळेनात. मी ते लाल शाईने खोडले आणि वर्गासमोर तिला खोटारडी म्हटले.

"सर, तुम्ही तिथे नव्हता," एवढेच ती म्हणाली.

वर्षभर मी तिला पेटीला हात लावू दिला नाही. डोके ठिकाणावर नव्हते, असे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. मला कबूल करायची लाज वाटली.

ती आज त्याच शाळेत विज्ञान शिकवते. दोन्ही वह्या तिला. माझे ते चार आकडे तिने वर्गासमोर लाल शाईने खोडावेत. पान फाडू नये; खोटा आकडा कसा दिसतो, तेही मुलांनी पाहावे.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून तिला आज बोलावले नाही. खरे तर तोंड दाखवायची हिंमत नाही.

मृत्युपत्र करणार: (सही)
साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. शेजारचे शिंपी (सही)
ठिकाण: राहते घर, वरची खोली
दिनांक: ११ मार्च २०२४. दुपारी बाराचे तापमान: माझ्या वाचनाने ३५, शिंप्यांच्या वाचनाने ३३.५. शिंप्यांचे धरावे.