पहिल्या दोन ओळी

सोमवार, ४

पोचलो एकदाचा. ताईच्या दोन खोल्या, खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, दिवसभर कर्रर्र चालू. ताई दारातच म्हणाली की चपला बाहेर काढ आणि अक्कल असली तर आत आण. मी म्हटलं, दोन्ही बाहेरच राहू दे. आई गेल्यापासून ही एकटीच माझी आई, बाप आणि पोलीस.

ही वही तिनेच दिली. म्हणे रोज लिही, तुझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून नाचल्यासारखं आहे. मी वाचणार नाही, गळ्याशपथ. गळा माझाच धरला शपथेला.

ताई रफू करते. फाटक्या कोटाला असं जोडते की मालकालासुद्धा भोक सापडत नाही. खिडकीशी बसते, उजेडात, आणि सुई ओवताना जीभ बाहेर काढते. मी नक्कल केली तर सुईच टोचली मला.

तिच्याकडे कोट टाकणाऱ्या एका साहेबांनी मला उद्यापासून कामावर घेतलंय.

मंगळवार, ५

तीन टेबलं आणि एक पंखा, तोसुद्धा मान वळवून फक्त साहेबांकडेच बघतो. काम मजेचं आहे. नेटवर लोक कामं टाकतात, कुणाला टायपिंग हवं, कुणाला आवाज हवा. एकेका कामावर शंभर जण तुटून पडतात. मी आपल्या लोकांसाठी प्रपोजल लिहायची, म्हणजे हे काम आम्हालाच का द्यावं ते पटवायचं.

साहेब म्हणाले, क्लायंटला यादीत प्रत्येकाच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात. तिथे पकडला तर पकडला. ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ असं लिहिणारे ढिगाने असतात, त्यांच्याकडे कुत्रंही बघत नाही.

शेजारी ढापण्या बसतो. चष्म्याची भिंगं बरणीच्या बुडासारखी. जेवताना त्याने चष्मा काढला तेवढ्यात मी तो फायलीखाली सारला. बिचारा टेबलभर हात फिरवत बसला, डबा सांडला. सगळे हसले. तोही हसला, जरा उशिरा.

शुक्रवार, ८

चार प्रपोजलं, चारही लागली. मांजरांचं खाणं विकणाऱ्याला लिहिलं की हे लिहिताना माझी मनी कीबोर्डवर बसलीय, चुकांबद्दल तिला माफ करा. मनीबिनी कुणी नाही. साहेबांनी पाठ थोपटली.

ताईने विचारलं, असं काय लिहितोस. मी म्हटलं, खऱ्याला जरा रफू करतो. ती म्हणाली रफूचा धागा त्याच कापडातून ओढून काढावा लागतो, बाहेरचा लावला की दिसतोच. बाईसाहेबांचं प्रवचन.

सोमवार, ११

आज कमाल केली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची, असं काम. आधीच बासष्ट जण रांगेत. मी लिहिलं:

‘माझ्या थोरल्या बहिणीला दिसत नाही. सात वर्षं मी रोज तिला वाचून दाखवतो.’

आयुष्यात एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही मी. खाली बारीक अक्षरांत काहीतरी होतं, चौकोनात टिक केली आणि पाठवून दिलं. मिनिटभरात उत्तर. फोटो नाही, नाव नाही. विचारलं, दृष्टी गेली कशी, क्रमाने सांगा.

मग काय, सुटलोच. आधी सुईत दोरा ओवता येईना. मग पाणी पेल्याबाहेर ओतायला लागली. मग जिन्याची शेवटची पायरी चुकली. आता माझा चेहरा हाताने चाचपून ओळखते.

ढापण्याने वाकून वाचलं आणि विचारलं, खरंच दिसत नाही का रे तिला. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा बरं दिसतं. तो म्हणाला घरच्या माणसाबद्दल असलं लिहू नये. मी त्याला आजोबा म्हटलं.

क्लायंटचं उत्तर आलं, ‘मंजूर. कामाला लागतो.’ मी हसलो. अरे बाबा, कामाला आम्ही लागायचं, तू क्लायंट.

बुधवार, १३

वाचायला पुस्तक अजून आलेलं नाही. कामाच्या पानावर मात्र चार टप्पे दिसतात. दोरा, पाणी, पायरी, चेहरा. मी टाकलेले नाहीत. पहिल्यापुढे हिरवी खूण, ‘पूर्ण’.

घरी आलो तर ताई दोऱ्याला शिव्या देत होती, हल्लीचा दोरा टोकाला फुटतो म्हणे. मला ओवून मागितला. मी ओवून दिला. म्हातारी झालीस असं म्हणणार होतो, म्हटलं नाही. एकतीस वर्षांची आहे.

शुक्रवार, १५

सकाळी माझ्यासाठी पाणी ओतलं. पेल्याच्या बाहेर. ताई पेल्यावरच चिडली, एका जागी राहत नाही म्हणून.

ऑफिसात आधी ते पान उघडलं. दुसरी खूण हिरवी.

बारीक अक्षरं आत्ता वाचली. ‘प्रपोजलमध्ये लिहिलेली प्रत्येक गोष्ट पूर्ण करून देणे करारात धरले जाईल.’

दुपारी ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, डोळ्यांत काहीच दोष नाही. ताई म्हणाली, म्हणजे मी ढोंग करतेय, भावावर गेलेय. मी हसलो. हसावं लागलं.

शनिवार, १६

क्लायंटला लिहिलं, रद्द करा, सगळं खोटं होतं.

उत्तर: ‘माहीत होतं. ज्यांच्या घरी खरंच कुणाला दिसत नाही, त्यांच्याकडे माझ्यासाठी काम उरत नाही.’

रविवार, १७

सकाळपासून जिन्याच्या तळाशी बसून होतो. तिला खाली जाऊच द्यायचं नाही म्हणून. पाच मिनिटं नळावर गेलो, पाचच —

ताईचा गुडघा फुटला. किल्लीवाल्याने धरून वर आणलं. ती त्याला कौतुकाने सांगत होती की माझा भाऊ ऑफिसात लिहितो, शब्दावर कामं मिळवतो. मी तिथेच उभा. मान खाली घातली होती ते तिला दिसलं नाही.

सोमवार, १८

लोकांचे कोट तसेच परत पाठवले तिने. घड्या मात्र नीट घातल्या, कडेला कड लावून, बोटांनी.

मग मला हाक मारली. कपाळ, नाक, हनुवटी. म्हणाली, तूच का रे. दाढी कर.

पाच तारे मिळालेत. खाली अभिप्राय: ‘शब्द पाळला.’

तिला सांगायचं होतं. एरवी माझी जीभ टाळ्याला लागत नाही. आज चिकटून बसली.

मंगळवार, १९

ढापण्याला सगळं सांगितलं. वाटलं हसेल. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, त्या दिवशी मला दिसत नव्हतं, पण तुमचं हसणं ऐकू येत होतं. मग म्हणाला, आता तरी खरं लिही. पहिल्या दोन ओळींत.

दोन ओळींना पूर्ण दिवस लागला.

‘माझ्या बहिणीला दिसत होतं. तुमचं काम मिळावं म्हणून मी तिला आंधळं केलं.’

उत्तर: ‘झालेलं काम परत होत नाही. नाव बदलून मिळेल.’

खाली चौकोन. या वेळी अक्षर न् अक्षर वाचलं. मग टिक केली.

बुधवार, २०

ताई ओरडली की खिडकीत केवढं जाळं झालंय आणि तुला दिसत नाही का रे घोड्या.

जाळं. तिला जाळं दिसलं.

दोरा ओवून बघितला मी. नाही ओवता आला.

गुरुवार

लवकर चाललंय. पाणी सांडलं. पायरी पण —

तिला सांगितलं, झोप येतेय म्हणून डोळे मिटतो. ती गुणगुणतेय. दोन कोट झाले म्हणाली.

बहुतेक गुरुवारच

एक बोट कागदावर ठेवून लिहितोय. ओळ सरळ जातेय का माहीत नाही. एकावर एक जात असेल. कोंबडी.

गुणगुणणं थांबलं.

मागे उभी आहे. श्वास मानेवर लागतोय. माझ्या डाव्या हाताखालची पानं हलतायत, ती उलटतेय, मागे, अजून मागे — गळ्याशपथ म्हणाली होतीस —

थांबली. कुठलं पान ते कळतंय मला. अकरा तारीख.

ताई, पहिल्या दोन ओळी वाच आणि ठेव. सगळे तेवढंच वाचतात. त्याच्या पुढे मी तुला