दाराजवळची दुसरी पाटी

१२ नोव्हेंबर
पोचले एकदाची! ट्रकने सहा तास हाडं खिळखिळी केली, पुढचा दीड तास पायी चढ, आणि पाठीवरची पिशवी तर आईने अशी ठासून भरली होती की मी लग्न होऊन चालले आहे असं वाटावं. पण पोचले. ठाणं म्हणजे डोंगरमाथ्यावरचं दोन खोल्यांचं लाकडी घर. एका खोलीत शेगडी, टेबल, वायरलेसचा संच, दुसरीत झोपायची सोय. सरपण छतापर्यंत रचलेलं. खिडकीतून दिसतो तो नुसता पांढरा उतार आणि त्यापलीकडे दरी. मला तर बाई फार आवडलं.

बाबा निघताना दारापर्यंतसुद्धा आले नाहीत. पाल दिसली की खुर्चीवर चढणारी पोरगी चार महिने बर्फात एकटी राहणार म्हणे, दहा दिवसांत रडत परत येईल, असं पेपराआडून आईला सांगत होते. म्हणजे मलाच सुनावत होते. मीही कमी नाही, ‘येते’ न म्हणताच निघाले. आता मार्चपर्यंत इथे पाय रोवून राहायचं आणि मग त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं. काही बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं.

१५ नोव्हेंबर
मास्तर आज खाली गेले. मास्तर म्हणजे माझ्याआधीचे इथले निरीक्षक. वीस हिवाळे काढले त्यांनी इथे, आता गुडघे बोलायला लागले म्हणून निवृत्त. तीन दिवस त्यांनी मला शाळकरी पोरीसारखं घोटून घेतलं.

काम सोपं आहे. घरापासून दोनशे पावलांवर पांढरी पेटी आहे, तिच्यात तापमापक, शेजारी बर्फ मोजायचा खांब. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी पाच, असं तीनदा जायचं, आकडे लिहायचे, खालच्या केंद्राला वायरलेसवर सांगायचे. घरापासून पेटीपर्यंत लोखंडी खांबांना जाड दोर बांधलाय. धुकं असो वा ऊन, तो दोर हातातून सोडायचा नाही.

आणि पाट्या. दाराजवळ खुंटीवर लाकडी पाटी आहे, एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने लाल. आत असलो की पांढरी, बाहेर पडताना लाल. शोधायला माणसं आली तर पहिल्यांदा पाटीच बघतात. पाटी खोटी असणं हा या कामातला सगळ्यात मोठा गुन्हा, असं मास्तरांनी निदान वीस वेळा बजावलं. दुसऱ्या खुंटीवरही एक पाटी आहे, लाल. पूर्वी ठाण्यावर दोघांची नेमणूक असायची, आता एकाचीच. ही कोणाची म्हणून विचारलं तर मास्तर म्हणाले, असू दे तशीच, आणि जोडे बांधायला खाली वाकले.

२ डिसेंबर
दहा दिवस होऊन गेले, बाबा! रडले नाही.

दिवसाची घडी छान बसली आहे. बटाटे, भात, डब्यातलं सूप, पुन्हा बटाटे. स्वतःशी मोठ्याने बोलायची सवय लागली आहे, आणि समोरून उलट उत्तर येत नाही हे सुखच आहे. वायरलेसवरच्या ताई फार गोड आहेत. आज त्यांनी एक गुपित फोडलं. बाबा दर दोन दिवसांनी केंद्रात फोन करतात, मी जेवते का, आवाज कसा वाटतो, हे विचारतात आणि मला कळता कामा नये असं ताईंकडून वदवून घेतात. मी खूप हसले. मग संच बंद करून थोडी रडलेसुद्धा, पण ते धरायचं नाही.

१४ डिसेंबर
दुपारपासून दाट धुकं, म्हणून साफसफाई काढली. आई म्हणते ही मरायला टेकली तरी आधी चादर नीट करेल. शेगडी घासली, काच पुसली, सरपण आकाराप्रमाणे लावलं. मग पाट्या उतरवून धुतल्या. परत लावताना ती दुसरी हातात धरून उभी राहिले. लाल म्हणजे कोणीतरी बाहेर आहे. बाहेर तर कोणी नाही. म्हणजे रोज माझ्या डोळ्यांसमोर एक पाटी खोटी लटकते आहे, आणि मास्तरांनीच तर शिकवलं होतं. मी ती पांढरी करून लावली. दोन्ही पांढऱ्या. दार कसं छान दिसतंय.

१६ डिसेंबर
उंबऱ्याच्या आत पाण्याचं थारोळं होतं. माझे जोडे शेगडीपाशी सुकत पडले होते. दाराच्या फटीतून बर्फ आलं असणार. फट शोधली, सापडली नाही, तरी चिंध्या कोंबल्या.

शेगडीतली लाकडं फार लवकर संपतात. रचलेल्या ढिगातला आकारही बिघडला आहे, आणि मी तो बिघडवणार नाही.

१८ डिसेंबर
सकाळी पेटीवरून आले, नोंदवही उघडली, तर आठचा रकाना भरलेला. आकडे बरोबर. अक्षर माझं नाही. बारीक, डावीकडे झुकलेलं.

मी चार वेळा माझं अक्षर तसं काढून बघितलं. येत नाही.

१९ डिसेंबर
ताईंना आकडे सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, आठचे मघाशीच मिळाले की. विचारत होत्या, तुमच्याबरोबर कोणाला पाठवलंय, बरं झालं, सोबत झाली. माणूस चांगला बोलतो, फक्त खोकला फार आहे, काढा द्या म्हणाल्या.

इथे कोणी नाही म्हणून सांगितलं. ताई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मास्तरांना विचारा म्हटलं, त्या दुसऱ्या पाटीचं विचारा.

२० डिसेंबर
ताईंनी मास्तरांना फोन लावला होता. अकरा हिवाळ्यांपूर्वी त्यांचा सोबती पाचच्या मापाला गेला आणि परतला नाही. सोबत्याला खोकला होता म्हणून मास्तरच जाणार होते, पण पत्त्यांच्या डावात हरला म्हणून त्यालाच जावं लागलं. सापडला नाही. पुढे दर हिवाळ्यात पाचच्या सुमाराला दोर ताणला जायचा, पण आत कधी कोणी आलं नाही. पाटी लाल होती ना. इथे ज्याची पाटी पांढरी तो आत, ज्याची लाल तो बाहेर. मास्तरांनी विचारलं, पाटीचा रंग काय आहे? ताईंनी माझं उत्तर कळवलं. मग म्हणाले, तिला म्हणावं, स्वतःची पाटी खुंटीवर ठेवू नकोस, जवळ ठेव. जागा एकाचीच आहे.

खालून माणसं निघायला धुकं विरायला हवं. आठवडा तरी लागेल.

त्याची पाटी लाल केली. माझी उशीखाली घेतली आहे.

२१ डिसेंबर
त्याची पांढरी.
पुन्हा लाल केली. पाणी आणायला वळले, तेवढ्यात पांढरी. मग शेगडीत घातली, जळताना बघितली, राख झाली. दुपारी खुंटीवर. ओली.

खोकला आतल्या खोलीतून येतो. मी बाहेरच्या खोलीत असले की आतल्या, आत गेले की बाहेरच्या. माझं वाईट करावं असं त्या आवाजात काही नाही. थकलेल्या माणसाचा खोकला आहे.

२३ डिसेंबर
उशीखाली पाटी नाही. खुंटीवर आहे. माझी. लाल.

मी आत आहे. मी आत आहे. पांढरी केली, हाताने दाबून धरली, हात काढला नाही. एकदा डोळे मिटले, उघडले, तर बोटांखाली लाल.

२५ डिसेंबर
शेगडीची ऊब लागत नाही. तापल्या पत्र्यावर तळवा टेकवला. चटका बसला नाही. बटाट्याला चव नाही, भूकही नाही. केसांत बर्फ सापडतं, झटकलं तरी पुन्हा.

संचावर ताईंना ओरडून सांगितलं. त्या नुसत्या हॅलो हॅलो करत राहिल्या. मग माझ्या पाठीमागून तो बोलला, आणि त्यांना लगेच ऐकू गेलं.

मुलगी पाचच्या मापाला गेली, म्हणाला. अजून आली नाही.

ताई रडायला लागल्या. मीही. आमचं रडणं एकमेकींना—

२७ डिसेंबर
आता तो दिसतो. खुर्चीत बसतो, हात शेकतो. बोटं हळूहळू माणसासारखी होतायत. माझ्याकडे बघत नाही. बघायचं टाळतो, मास्तर जोडे बांधायला वाकले होते तसं. मी पाया पडले. म्हटलं मार्चपर्यंत तरी मला आत राहू दे. नाही वळला.

दोर अकराव्या खांबापुढे तुटलाय. टोक दरीकडे लोंबतंय. बांधायला गेले. गाठ बोटांत राहत नाही.

३० डिसेंबर
पेन्सिल मात्र धरता येते. का ते माहीत नाही. तेवढीच—

१ जानेवारी
माणसं आली. दोन, बर्फावरच्या फळ्या लावून. आणि तिसरे बाबा. या वयात. या थंडीत. मिशा गोठलेल्या.

मी धावत गेले. गळ्यात पडले. बाबांनी कॉलर वर केली, म्हणाले आत फार गार वारा येतोय.

त्याने चहा केला. सोबतीला पाठवलेला माणूस, असंच समजतायत. ती बाहेर गेली, म्हणाला, आणि माझी पाटी दाखवली. बाबा बघतच राहिले. मग म्हणाले, मी निघताना तिच्याशी बोललोसुद्धा नाही हो.

बोललात बाबा. दर दोन दिवसांनी. मला माहीत आहे.

पुन्हा धुकं दाटलंय, माणसं म्हणतायत विरू दे. बाबा ऐकत नाहीत. दार उघडलं. दोर हातात घेतलाय. मी त्यांची बाही ओढते आहे, ते बाही झटकतात. वही टेबलाच्या कडेला आणली आहे, मोठ्या अक्षरात लिहिते आहे, बाबा जाऊ नका, मी आत आहे, एकदा फक्त मागे बघा

त्यांनी हाक मारली. ठमे! लहान होते तेव्हाचं नाव. सगळ्या बर्फात घुमलं.

धुक्यातून ओ आली.

माझ्या आवाजात. मी तोंड उघडलेलं नाही. बाबा हसतायत, रडतायत, म्हणतायत आलो ग आलो— बाबा ती मी नाही, मी इथे, तुमच्या पाठीशी, पुढे दोर नाही, अकराव्या खांबाच्या पुढे दोर—

सात. आठ. बाबा नऊ—